होमरची मोली आणि धोतऱ्याचा उतारा

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातल्या दहाव्या सर्गात मोली नावाची वनस्पती येते. सर्सी ही मायाविनी बेटावर आलेल्या खलाशांना चीज, जवाचं पीठ, मध आणि मद्य यांच्या मिश्रणात काही औषधी कालवून देते. ते मायदेश विसरतात आणि छडी लागताच डुकरं होतात. त्यांना सोडवायला निघालेल्या त्यांच्या नायकाला, ओडिसियसला, हर्मीस देव वाटेत गाठतो आणि जमिनीतून मोली उपटून देतो. मूळ काळं, फूल दुधासारखं, माणसांना खणून काढायला अवघड. वर्णन एवढंच. ती खायची, हुंगायची की नुसती जवळ बाळगायची, हेही कवी सांगत नाही.

एवढ्याशा वर्णनावर शेकडो वनस्पती बसवता येतात, आणि तसं झालंही. थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रीसमधल्या आर्केडियातल्या किल्लीनी डोंगराकडची एक मोली नोंदवली. कांद्यासारखं गोल मूळ, विषावर आणि चेटकावर उतारा म्हणून वापर. पण ती खणायला मुळीच अवघड नाही, असंही त्याने लिहिलं. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने हे नाव लसणाच्या कुळातल्या एका जातीला दिलं, तिची फुलं पिवळीधमक आहेत! रूपावरून मोलीचा माग लागत नाही. त्यापेक्षा विषाकडून सुरुवात करणं शहाणपणाचं. खलाशांना काय झालं आणि त्यावर कोणता पदार्थ चालेल, हे विचारता येतं.

भान हरपवणारं असं विष आपल्याकडे धोतऱ्याच्या रूपात सगळ्यांना माहीत आहे. त्याची बी मिरचीच्या बीसारखी दिसते, पण मोठी, तपकिरी आणि तिखटपणा नसलेली, म्हणून अन्नात मिसळली तर चटकन कळत नाही. पोटात गेल्यावर तोंडाला कोरड पडते, बुबुळातली बाहुली विस्फारते, त्वचा लाल आणि तापलेली होते, नाडी धावते, लघवी अडते. मग रोगी बरळतो, हवेतल्या नसलेल्या वस्तू चिमटीत पकडू पाहतो. शुद्धीवर आल्यावर मधलं काही आठवत नाही.

याला कारण ॲट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन ही अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली तीव्र परिणाम करणारी रसायनं. ॲसिटिलकोलीन हे रसायन मज्जातंतूंचा निरोप पुढच्या पेशीवरच्या ग्राहींपर्यंत (निरोप घेणाऱ्या जागांपर्यंत) पोचवतं. ही अल्कलॉइडं त्यांतल्या एका प्रकारच्या ग्राहींवर जाऊन बसतात आणि निरोप अडवतात. ही सरळ चढाओढ आहे, ज्याचे रेणू जास्त त्याची सरशी. ॲसिटिलकोलीन वापरून झालं की एक विकर (एन्झाइम) लगेच त्याचे तुकडे करतं. त्या विकराला रोखलं तर ॲसिटिलकोलीन साठत जातं आणि विषाला जागेवरून हटवतं. धोतऱ्यावरचा खरा उतारा तो हाच. कॅलाबार बीन या विषारी आफ्रिकी बीमधलं फिजोस्टिग्मिन 1864 मध्ये प्रागमध्ये ॲट्रोपिनच्या विषबाधेवर असंच वापरलं गेलं. एक अट मात्र आहे: औषध रक्तातून मेंदूत शिरलं पाहिजे. निओस्टिग्मिन हे दुसरं औषध तेच विकर रोखतं, पण मेंदूत जवळजवळ पोचत नाही, त्यामुळे भ्रम तसाच राहतो.

गॅलँटामिनही तेच विकर रोखतं, आणि ते मेंदूत शिरतं. ते स्नोड्रॉप या छोट्या पांढऱ्या फुलाच्या कंदात असतं, आणि बल्गेरियात 1950च्या दशकात त्याचं औषध तयार झालं. 1983 मध्ये प्लाइटाकिस आणि डुव्हॉइसिन या मज्जाविकारतज्ज्ञांनी मांडलं की मोली म्हणजे स्नोड्रॉप आणि सर्सीचं विष म्हणजे धोतरा. तोंडावाटे घेतलेलं गॅलँटामिन साधारण तासाभरात रक्तात कमाल पातळी गाठतं आणि सात-आठ तासांनीही निम्मं उरतं. म्हणजे विषाचा पेला हातात येण्याआधी ते घेऊन ठेवण्यात अर्थ आहे. ही बाजू पटण्यासारखी आहे.

कच्चे दुवेही आहेत. त्यांनी सांगितलेली धोतऱ्याची जात अमेरिकेतली. होमरच्या ग्रीसमध्ये ती असणं शक्य नाही. हा दोष भरून काढता येतो, कारण भूमध्य समुद्राभोवती खुरासानी ओवा, मँड्रेक आणि बेलाडोना पूर्वीपासून उगवतात आणि त्यांत याच गटातली अल्कलॉइडं असतात. स्नोड्रॉपच्या कंदाचं साल तपकिरी असतं, काळं नव्हे. तेही एक वेळ सोडून देऊ. पण होमर स्पष्ट म्हणतो की डुकरं झाल्यावरही खलाशांचं मन पूर्वीसारखंच राहिलं. या विषात आधी बिघडतं ते मनच. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो आणि त्याला चांगलं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मोली म्हणजे स्नोड्रॉप असो वा नसो, कुणी कंद कुटून खाऊ नये. त्याच कुळातल्या नार्सिससच्या (डॅफोडिलच्या) ‘कार्लटन’ या वाणात, ज्यापासून हे औषध काढतात, गॅलँटामिन सुक्या वजनाच्या हजारात साधारण एक भाग भरतं. सोबत लायकोरिन हे दुसरं अल्कलॉइड असतं आणि त्याने भडाभडा उलट्या होतात. अल्झायमरसाठी, ज्यासाठी अमेरिकेत त्याला 2001 मध्ये मान्यता मिळाली, दिवसाला 8 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून निदान चार-चार आठवड्यांनी 16 आणि गरज पडली तर 24 पर्यंत जातात. घाई केली तर मळमळ होते आणि नाडी मंदावते. कंदात किती आहे हे जाती, हंगाम आणि जमिनीनुसार बदलतं, त्यामुळे चमच्याने माप घेता येत नाही. धोतरा पोटात गेलेल्या माणसाला तर थेट दवाखान्यातच न्यावं. फिजोस्टिग्मिनसुद्धा तिथे हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून, शिरेतून, अगदी सावकाश देतात, कारण भराभर दिलं तर झटके येऊ शकतात.