चर्मकाम (हौशी)

कमावलेल्या कातड्यापासून पाकीट, कंबरपट्टा, वहीचे वेष्टन, सुरीचे म्यान अशा लहान वस्तू घरी, हाताने आणि धंद्याचा हेतू न ठेवता करणे म्हणजे हौशी चर्मकाम. त्याला यंत्र लागत नाही. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा आणि दहा-बारा हत्यारे पुरतात. ज्याला शिवणकाम येते त्याला हे सोपे वाटते, आणि पहिली फसगत तिथेच होते. कापड ताण्याबाण्याने विणलेले असते. सुई धागे बाजूला सारून जाते आणि टाका उसवला की भोक बुजते. कातडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा गुंता. त्यात पाडलेले भोक भोकच राहते, ओले असताना दिलेला आकार वाळल्यावर कायम होतो, नखाचा ओरखडाही उमटून बसतो. या कामातल्या बहुतेक युक्त्या कातड्याच्या या एका स्वभावातून निघालेल्या आहेत.

मराठीत या कामाचे शब्द जुने आहेत, कारण काम जुने आहे. कातडी कमावणे ढोर समाजाकडे आणि त्या कातड्याच्या वहाणा, मोटा, पखाली करणे चर्मकार समाजाकडे, अशी गावगाड्यातली वाटणी होती. इतरांनी कातड्याला हात न लावण्यामागे विटाळाची कल्पना होती. त्यामुळे हौस म्हणून चामडे शिवणारा माणूस मराठी समाजात अगदी अलीकडचा. तो बहुधा इंटरनेटवरच्या चित्रफिती पाहून शिकतो आणि कड पातळ करण्याला ‘स्कायव्हिंग’ म्हणतो. कोपऱ्यावर चपला शिवणारा कारागीर तेच काम रापीच्या (चामडे तासायच्या चपट्या हत्याराच्या) एका ओढीत करतो. परदेशी हत्यारांचा संच मागवण्याआधी अर्धा तास त्या कारागिराजवळ बसणे जास्त फायद्याचे.

कातड्याची निवड : दुकानात दोन प्रकारचे चामडे मिळते. पहिले झाडांच्या सालींनी व फळांनी कमावलेले. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल वापरतात. त्यांतले टॅनिन तंतूंना बांधून ठेवते आणि या कामाला कित्येक आठवडे लागतात. दुसरे क्रोमियमच्या क्षारांनी एखाद्या दिवसात कमावलेले. जगातले बहुतांश चामडे आज या दुसऱ्या प्रकारचे आहे. जाकिटे, सोफे, मऊ पिशव्या त्याच्याच असतात. क्रोमचे चामडे लवचीक असते आणि पाण्याला फारसे दाद देत नाही. म्हणूनच त्यावर ठसा टिकत नाही, ते साच्यावर बसत नाही, त्याची कड घासून चकाकत नाही. शिकणाऱ्याने सालीत कमावलेले घ्यावे. ओळखण्यासाठी कापलेली कड पाहावी : मध्यभागी निळसर-करडी रेघ दिसली तर ते क्रोमचे, आरपार तपकिरी किंवा बदामी असेल तर बहुधा सालीचे. न रंगवलेल्या सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच मुरतो आणि तिथे गडद डाग पडतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच जातीचे. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचाही त्यात समावेश झाला. तबल्याची पुडी किंवा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चर्मबाहुल्या यांचे कातडे न कमावलेले असते. ते तंत्र वेगळे आणि या नोंदीच्या कक्षेबाहेरचे.

चामडे चौरस फुटावर विकतात, पण त्याचा आकार जनावराचा असतो. कडेच्या वाकड्यातिकड्या भागाचे पैसेही द्यावे लागतात, तेव्हा लागेल त्याहून सुमारे पाव पट अधिक घ्यावे. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा ढिला आणि ताणला जाणारा. कंबरपट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापतात. पोटाकडच्या कातड्याचा पट्टा सहा महिन्यांत एक भोक पुढे सरकतो, आणि पोटावर उगाच आळ येतो. जाडीचा अंदाज असा : पाकिटाच्या बाहेरच्या बाजूस १ ते १.५ मिमी, आतल्या कप्प्यांना १ मिमीहून कमी, पट्ट्याला ३ ते ४ मिमी.

पहिली वस्तू म्हणून कार्डाचे पाकीट उत्तम. बँकेचे कार्ड ८५.६ × ५४ मिमी असते. कप्पा १०० मिमी रुंद कापला आणि दोन्ही कडांपासून ४ मिमी आत शिलाई घेतली, तर आत ९२ मिमी उरतात, म्हणजे कार्डाला सुमारे ६ मिमीची सैल जागा. नवख्याला ती जास्त वाटते आणि तो ती कमी करतो. मग कार्ड बाहेर काढायला चिमटा लागतो. नोटांचे घडीचे पाकीट करायचे तर सध्याची ५०० रुपयांची नोट ६६ × १५० मिमी आहे हे धरून बेतावे. घडीच्या पाकिटात आतला थर बाहेरच्यापेक्षा काही मिलिमीटर आखूड ठेवतात. दोन्ही सारखे कापले तर घडी घातल्यावर आतल्या थराला चुण्या पडतात.

कापणे : बोथट पात्याने बोट जास्त कापते, कारण जोर लावावा लागतो आणि पाते घसरते. पोलादी पट्टी, खाली कापायची चटई आणि तीन-चार हलके वार. एका वारात आरपार जायचा हट्ट धरला की पट्टी सरकते. पात्याला धार ठेवण्यासाठी चामड्याच्याच एका पट्टीवर पॉलिशची हिरवी वडी घासून त्यावर पाते उलट दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, ओढावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी दहा ओढी पुरतात. शिलाईत दोन-तीन थर एकत्र येतात तिथे मागच्या बाजूने कड आधी पातळ करून घ्यावी, नाहीतर पाकीट कडेला विटेसारखे जाड होते.

थर जोडायला सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मग दाबतात. त्या थांबण्यातच खरी जोडणी आहे. खिडकी उघडी हवी. त्याचा वास डोक्यात जातो.

शिलाई : हौशी चर्मकामाचा कणा म्हणजे एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया ओवून घातलेला टाका. घोड्याच्या खोगिरांसाठी तो रूढ असल्याने इंग्रजीत त्याला खोगिराचेच नाव आहे. शिवणयंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा असे दोन दोरे मध्ये एकमेकांत अडकतात; एक तुटला की पुढचे टाके सुटत जातात. हाताच्या टाक्यात प्रत्येक भोकातून दोऱ्याची दोन्ही टोके आरपार जातात. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. पाकिटाची कड वर्षानुवर्षे खिशाला घासते. तिथे हा फरक कळतो.

भोके आधी पाडून घेतात. कडेपासून ३-४ मिमीवर दुभाजकाने (दोन टोकदार पायांच्या कंपासाने) रेघ मारून त्या रेघेवर दातेरी टोचणी ठेवायची आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मोगरीने ठोकायची. लोखंडी हातोडीने टोचणीचे डोके फुटते. पुढच्या ठोक्याला टोचणीचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवला की अंतर चुकत नाही. खाली प्लॅस्टिकचा पाट, आणि त्याखाली स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा. हे सगळे टेबलाच्या पायाच्या बरोबर वर मांडावे, म्हणजे ठोका वाया जात नाही. खालच्या मजल्यावरचे मात्र तक्रार करतील.

दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्यावा, वर सुयांसाठी एक वीत. तो लिननचा किंवा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला, पाकिटाला ०.६ मिमी जाडीचा पुरतो. सुया बोथट टोकाच्या हव्यात. भोक आधीच आहे, आणि टोकदार सुई आत गेलेल्या दोऱ्यालाच भोसकते. पहिल्या भोकातून दोरा ओढून दोन्ही बाजू सारख्या करायच्या. पुढच्या भोकात डावी सुई आधी घालायची, दोरा थोडा बाहेर येऊ द्यायचा, मग उजवी सुई त्याच भोकातून, पहिल्या दोऱ्याच्या नेहमी एकाच बाजूने न्यायची आणि दोन्ही हात फाकून सारखेच ओढायचे. क्रम कोणता हे महत्त्वाचे नाही. शेवटच्या भोकापर्यंत तो तोच राहणे महत्त्वाचे. मध्येच फोन आला आणि एका भोकात उजवी सुई आधी गेली, की तिरप्या टाक्यांच्या ओळीत तेवढा एकच टाका आडवा दिसतो आणि पाकीट झिजेपर्यंत दिसत राहतो. शेवटी दोन-तीन टाके मागे घ्यायचे आणि दोरा कापायचा. पॉलिएस्टरचे टोक काडीने जरा वितळवतात, लिननचे नुसते कापतात. अस्सल कोल्हापुरीत दोऱ्याऐवजी चामड्याचीच बारीक वादी वापरतात आणि खिळा मारत नाहीत.

कडा : घरी केलेली वस्तू आणि दुकानातली वस्तू यांतला फरक शिलाईत कमी आणि कडेत जास्त दिसतो. शिवून झाल्यावर कडेचे कोन चामड्याच्या छोट्या रंध्याने तासायचे, ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिशपेपरने थर एकजीव करायचे, बोटाने किंचित पाणी लावायचे आणि लाकडाच्या खाचेत किंवा जाड कॅनव्हासच्या तुकड्याने जोरात घासायचे. ओल आणि घर्षणाची उष्णता यांनी तंतू दबून बसतात. दोन मिनिटांत कड काचेसारखी गुळगुळीत लागते. वर मधमाशीचे मेण. क्रोमच्या चामड्यावर ही मेहनत फुकट जाते, त्याला कडेचा रंगच लावावा लागतो.

ठसे आणि साचा : ठशासाठी चामडे स्पंजने ओले करून थांबतात. मूळ रंग परतू लागला, पण गालाला लावल्यावर गार लागते, ती वेळ. त्याआधी मारलेला ठसा फुगून पुसट होतो, नंतर मारलेला उमटतच नाही. म्यानासाठी चामडे कोमट पाण्यात भिजवून वस्तूभोवती दाबून बसवतात आणि सावलीत दिवसभर वाळवतात. उकळत्या पाण्यात ते आक्रसते.

रंग : म्यानाचे ओले चामडे सुरीवर बसवण्याआधी सुरीभोवती प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा, कारण लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळे होते. ओल्या चामड्यावर रात्री लोखंडी पट्टी विसरली तर सकाळी तिथे निळाकाळा पट्टा असतो, आणि तो धुऊन जात नाही. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांची शाई होते ती याच क्रियेने. कलमकारीतला काळा रंगही हिरड्यात भिजवलेल्या कापडावर गंजलेल्या लोखंडाचे पाणी फिरवून येतो. हौशी कारागीर हा अपघात मुद्दाम घडवतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तारेची घासणी आठवडाभर ठेवतात. झाकण सैल, कारण हायड्रोजन वायू सुटतो. ते पाणी गाळून कुंचल्याने चामड्यावर फिरवले की आधी करडे, मग काही मिनिटांत काळे होते. रंग फिका आला तर आधी कोऱ्या कडक चहाचा हात द्यावा, चहातले टॅनिन भर घालते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने आम्ल मारून, वाळवून तेल द्यायचे. हा काळा रंग वर बसलेला नसून तंतूंच्या आतच तयार झालेला असतो, म्हणून शर्टाला लागत नाही. बाजारातला स्पिरिटचा रंग मात्र कापडाने पुसून कापड कोरे निघेपर्यंत घासावा लागतो; हा टप्पा गाळला की पांढऱ्या पँटवर पट्ट्याची नक्कल उमटते.

निगा : तेल थेंबांनी मोजून द्यावे. जास्त झाले तर चामडे लोळागोळा होते आणि टाके सैल पडतात. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात सालीच्या चामड्यावर बुरशी येतेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास लवकर येते, सुती पिशवीत हवेशीर ठेवल्यास उशिरा. आली तर वस्तू गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी आणि पंख्याखाली वाळवावी. उन्हात टाकू नये. तेल उडून कड तडकते, आणि तडा गेलेली कड पुन्हा घासून बसत नाही.