सातपुड्याचा नाला आणि सह्याद्रीकडची नदी: पात्र कोरडे पडण्याची दोन कारणे

जानेवारीत खानदेशातल्या बहुतेक पुलांवरून खाली पाहिले की पात्र कोरडे दिसते, आणि पाहणारा ठरलेले निदान करतो: डोंगरात पाऊस कमी झाला, जंगल तुटले, म्हणून नदी आटली. तापीच्या दक्षिणेकडून येणाऱ्या पांझरा, बोरी, गिरणा यांच्याबद्दल ते बरेचसे खरे असू शकते. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांना मात्र तेच निदान लावणे साफ चूक आहे, आणि बंधारे कुठे व कसे बांधायचे हे याच चुकीवर ठरत असल्यामुळे ती मला सहन होत नाही.

दक्षिणेकडच्या नद्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. गिरणा कळवणकडच्या डोंगरात उगम पावते, पांझरा साक्री तालुक्यात, आणि दोघी पर्जन्यछायेतून लांबचा प्रवास करून तापीला मिळतात. उत्तरेकडचे नाले आखूड आणि तीव्र उताराचे असतात. डोंगरात जोराचा पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही लोंढा येऊन थडकतो. पाऊस दोन्हीकडे मुख्यतः जून ते सप्टेंबर. जळगावला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, धुळ्याला त्याहून कमी, तर सातपुड्याच्या माथ्यावर अधिक. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे उघड्या पाण्याची वाफ दोन्हीकडे होते. सातपुड्याचा खडकच वेगळा आहे असे काही जण ठामपणे सांगतात, तेही खरे नाही; खानदेशापुरता पाहिला तर तिथेही आपला ओळखीचा काळा बेसाल्टच आहे.

फरक डोंगरात नाही, डोंगराच्या पायथ्याशी आहे. सातपुड्याच्या दक्षिण कडेला मोठा प्रस्तरभंग आहे, म्हणजे खडक तुटून सरकल्याची खोल भेग. त्याच्या दक्षिणेकडचा खडक खाली खचला आणि त्या खोलगट भागात डोंगरातून वाहून आलेले दगडगोटे, वाळू आणि माती युगानुयुगे साचत गेली. पायथ्यालगतच्या या जाड्याभरड्या गाळाच्या पट्ट्याला भूजलतज्ज्ञ बझाडा म्हणतात. नाला डोंगरातून बाहेर पडून या पट्ट्यावर आला की त्याचे पाणी तळातून खाली उतरू लागते, कारण भूजलाची पातळी पात्राच्या कितीतरी खाली असते. दक्षिणेकडे नद्यांच्या वरच्या टप्प्यात याच्या नेमके उलट घडते. तिथे कातळ वरच असतो, पावसाळ्यानंतर आजूबाजूच्या विहिरींची पातळी पात्रापेक्षा उंच राहते आणि भेगांमधून पाझरणारे पाणी नदीला मिळत राहते. हा साठा उथळ असल्यामुळे हिवाळ्यात संपतो आणि नदी थांबते. म्हणजे पांझरेचे वरचे पात्र कोरडे पडते तेव्हा जमिनीतले पाणी संपलेले असते. सातपुड्याचा नाला कोरडा पडतो तेव्हा पाणी जमिनीत गेलेले असते.

हे डोळ्यांनी पाहता येते. नोव्हेंबरमध्ये एखाद्या अडवलेल्या नसलेल्या नाल्याच्या काठाने डोंगराच्या तोंडापासून खाली चालत यावे. वर गोट्यांमधून घोटाभर पाणी खळाळत असते. पुढे धार बारीक होते, मग नुसती ओली वाळू लागते, आणि बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याच्या पुलापर्यंत पोहोचावे तो खाली पांढरे पडलेले कोरडे गोटे उरतात. मधल्या टप्प्यात कोणी पाणी उपसलेले नसते, बाष्पीभवनानेही इतक्या लवकर ते संपत नाही.

म्हणूनच बझाड्यातला बंधारा आठवड्याभरात रिकामा झाला की ‘गळतो’ अशी तक्रार करणे आणि तळाला काँक्रीट घालण्याची मागणी करणे हे नुकसानीचे आहे. तो बंधारा भरून राहण्यासाठी नाहीच. जितक्या लवकर रिकामा होईल तितका पुढचा पूर सामावण्यास तो मोकळा होतो. चिंता करायची ती पाणी टिकू लागल्यावर, कारण तळाशी बारीक गाळाची साय बसून झिरपण्याची वाट बंद झाल्याचे ते लक्षण असते, आणि तो गाळ उन्हाळ्यात खरवडून काढावाच लागतो. दक्षिणेकडे हिशेब निराळा. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची सामूहिक सिंचनाची जुनी फड पद्धत उभी राहिली ती दगडी बंधाऱ्यांनी अडवलेले पाणी वरच राहून पाटाने शेतात नेता आले म्हणून. गोट्यांच्या पात्रात तसा बंधारा बांधला असता, तर बरेचसे पाणी पाटापर्यंत पोहोचण्याआधीच जमिनीत गेले असते. याउलट, उत्तरेकडचे पाहून दक्षिणेकडच्या कठीण कातळात नाले खोल खणत सुटणे मला मान्य नाही. तिथे पाणी साठते, पण मुरते थोडेच, आणि खोल चरात शेजारच्या उथळ विहिरींचे पाणी उतरून येण्याचा धोका असतो.

तापीच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. तिचे कालवे नदीकाठाने न नेता सातपुड्याच्या पायथ्यालगत आखले आहेत, कारण जे पाणी मुरवायचे ते मुरणाऱ्या पट्ट्यातच न्यावे लागते. केळीच्या बागांनी वर्षानुवर्षे उपसलेले यावल-रावेरचे भूजल याच पट्ट्यातून भरत आले आहे.