हर्षद संख्या

ज्या धन पूर्णांकाला त्याच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, त्याला हर्षद संख्या म्हणतात. दशमान पद्धतीत १ ते १० नंतर १२, १८, २०, २१, २४, २७ असा हा क्रम चालतो. १०० पर्यंत अशा ३३ संख्या आहेत. मुंबईत दादरचा पिनकोड ४०००१४ (बेरीज ९) हर्षद आहे, पलीकडच्या शिवाजी पार्क बाजूचा ४०००२८ (बेरीज १४) नाही.

'हर्ष देणारी' या अर्थाचे हे नाव मुंबई विद्यापीठाचे पदवीधर व देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. ते साधारणतः १९५५ च्या सुमारास छापील लेखनात आले असे मानले जाते. पाश्चात्त्य लेखनात याच संख्यांना गणितज्ञ आयव्हन निवेन यांच्या १९७७ मधील व्याख्यानावरून 'निवेन संख्या' म्हटले जाते. व्याख्या एकच असल्याने आधीचे नाव वापरणे उचित. (कापरेकरांनी अभ्यासलेल्या दुसऱ्या एका प्रकारच्या, 'डेम्लो', संख्यांचे नाव मात्र एका स्थानकावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून, आले आहे.)

सलग हर्षद संख्या किती येऊ शकतात, हा या विषयातील सर्वांत रंजक प्रश्न होय. ५१०, ५११, ५१२, ५१३ या चार सलग आहेत. विषम संख्येला सम संख्येने निःशेष भाग जात नाही; त्यामुळे एककाखेरीज उरलेल्या अंकांची बेरीज विषम असेल, तर त्या दहाच्या गटातील (जसे ५२० ते ५२९) एकही विषम संख्या हर्षद नसते. लगतच्या गटांत ही बेरीज सहसा आळीपाळीने सम-विषम होते. हातच्यामुळे क्वचित दोन गट लागोपाठ सम येतात, तीन कधीच नाहीत. एवढ्याने मर्यादा २१ वर येते. ती २० असल्याचे कूपर व केनेडी या गणितज्ञांनी १९९३ मध्ये सिद्ध केले, आणि २० सलग संख्यांचे असे गट अनंत असल्याचेही दाखवले. मात्र त्यांतील सर्वांत लहान गटातील संख्याही चार हजार कोटींहून अधिक अंकांच्या आहेत.

दोन वा अधिक अंकी मूळ संख्या हर्षद नसते, कारण तिची अंकबेरीज १ पेक्षा मोठी पण तिच्याहून लहान असते. तरीही दाटीच्या दृष्टीने दोन्ही क्रम जवळचे आहेत: क्ष पर्यंतच्या हर्षद संख्या, क्ष पुरेसा मोठा घेतल्यास, तेथवरच्या मूळ संख्यांच्या सुमारे १.१९ पट भरतात. क्रमगुणितांपैकी (१ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सर्व पूर्णांकांच्या गुणाकारांपैकी) हर्षद नसलेले पहिले ४३२ चे आहे. दहाऐवजी कोणताही पाया घेऊन (म्हणजे द्विमान, त्रिमान अशा कोणत्याही पद्धतीत) लिहिल्या तरी हर्षद राहणाऱ्या संख्या १, २, ४ व ६ एवढ्याच.