आधी रॉडचं वजन, मग शीट
(होमजिम सेट घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तुमच्या रोजच्या नोंदीवरून पुढच्या वेळी किती प्लेट लावायच्या हे सांगणारी जी गुगल शीट आम्ही सेटबरोबर देतो, ती वापरणं अवघड नाही. उसाच्या बिलाचा हिशेब मोबाईलवर ठेवणाऱ्यांना तर त्यात शिकवण्यासारखं काहीच नसतं. तरी फोन येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच: "काल मी २० मारले, आज तुमची शीट साडेबारावर आणतेय. पुढं जायचं का मागं?" शीट बरोबर असते. वजन लिहिताना रॉड धरायचा राहिलेला असतो.

समजा तुमचा रॉड ७ किलोचा आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहाची प्लेट लावून तुम्ही बेंच प्रेसच्या (बाकावर उताणं झोपून छातीवरून वजन वर ढकलणं) ८ रेप्स, म्हणजे सलग आठ वेळा, मारल्या. हातात आले २७ किलो. शीटमध्ये लिहिले २०. एका रेपला जास्तीत जास्त किती उचलता येईल याचा अंदाज शीट एपली या अमेरिकन प्रशिक्षकाच्या सूत्रानं काढते: वजन × (१ + रेप्स ÷ ३०). सरावाला शीट त्याचे ८० टक्के धरते. २० ला हा अंदाज २५.३ येतो आणि त्याचे ८० टक्के होतात २०.३. प्लेट किती लावायच्या हे सांगताना शीट त्यातून रॉडचे ७ वजा करते. उरले १३.३, म्हणजे एका बाजूला ६.६; सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची असेल तर शीट खाली येऊन सव्वासहावर थांबते. २७ लिहिले असते तर अंदाज ३४.२, ८० टक्के २७.४ आणि रॉड वजा जाता एका बाजूला १०. तुम्ही जमेत न धरलेला रॉड शीटनं खर्चात टाकला, एवढंच झालं. काही जण फक्त एका बाजूची प्लेट लिहितात. मग शीट सव्वा किलोची चकती लावायला सांगते आणि माणूस आमच्यावर तापतो.

म्हणून पहिल्या हिरव्या रकान्यात रॉडचं वजन भरा, आणि रोजच्या नोंदीत रॉड, दोन्ही बाजूंच्या प्लेट आणि त्या घसरू नयेत म्हणून लावलेले लॉक यांची बेरीज लिहा.

व्हिडिओत ऐकून २० भरू नका. २० किलोचा असतो तो पुरुषांच्या स्पर्धेतला ऑलिम्पिक रॉड, महिलांचा १५ चा. घरगुती रॉड त्याहून पुष्कळ हलका. घर बांधलेल्यांना सळईचं गणित माहीत असतंच: व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. २५ मिलिमीटरचा भरीव, ५ फुटी सरळ रॉड या हिशेबानं ५.९ किलोच्या आसपास भरतो. पोकळ पाइपाला आणि वाकड्या कर्ल रॉडला हे गणित चालत नाही. ते काट्यावरच टाकावे लागतात. आमच्याकडून नेलेल्या रॉडच्या टोकाला वजन रंगानं लिहिलेलं आहे. खरडून गेलं असेल तर घेऊन या, पुन्हा लिहून देऊ.

"५० किलो" असं लिहू नका, नुसते ५०. अक्षर आलं की शीट त्याला आकडा मानत नाही आणि पुढची सगळी ओळ बिघडते. करड्या रकान्यांना आम्ही कुलूप घातलंय, त्यावरूनही काही जण नाराज असतात. पण सूत्र पुसलं गेलं की दुरुस्ती आमच्याकडेच येते, म्हणून कुलूप राहणार.

रेप्स १० च्या आतल्याच लिहा. २५ रेप्सवरून काढलेल्या अंदाजावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आणि तो अंदाज खरा की खोटा हे बघायला घरी एकट्यानं छातीवर वजन घेऊ नका. तालमीत वस्ताद समोर उभे असतात, घरात नसतात. शीट दिली ती याचसाठी.

शीट नेहमी खालच्या आकड्यावर का थांबते, हेही विचारतात. सर्वांत लहान प्लेट अडीचची असेल तर जोडी लावल्यावर वजन एकदम ५ किलोनं चढतं. मांड्यांना ते पेलतं, खांद्यांना नाही. शोल्डर प्रेस २५ वरून थेट ३० म्हणजे पाचवा हिस्सा वाढ. वर नेऊन अडकवण्यापेक्षा खाली ठेवलेलं बरं, असं आमचं मत. सव्वा किलोची जोडी घेतलीत तर पायरी अडीचवर येते. शीटमध्ये "लहान प्लेट" रकान्यात १.२५ भरलं की झालं. जोडी महाग नाही, आणि पहिल्याच खरेदीत घ्या असं आम्ही सांगतो, पण सगळ्यांचा डोळा वीसच्या प्लेटवर असतो.

बिडाच्या प्लेटवर ओतलेला आकडा आणि काट्यावरचं वजन यांत फरक पडू शकतो. आम्ही प्लेट तोलून, जुळणाऱ्या दोन-दोन लावून देतो, म्हणून किंमत थोडी जास्त वाटते.

दुसरीकडून घेतलेला रॉडही विश्रामबागेतल्या दुकानात फुकट तोलून मिळेल. सहा फुटी असेल तर दुचाकीवर आडवा बांधून आणू नका. घरच्या वजनकाट्यावर एकदा नुसतं आणि एकदा रॉड घेऊन उभे राहा. दोन्हींतला फरक रकान्यात भरा. फोन त्यानंतर करा, आणि करताना शीट समोर उघडी ठेवा.