पार्श्वभूमी : पराभवानंतरचा प्रदेशाध्यक्ष आणि खान्देशचा हिशेब

विधानसभेच्या २८८ पैकी १६ जागा हाती उरल्यावर पंजाच्या पक्षाने, म्हणजे काँग्रेसने, फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातला अध्यक्ष बदलला. निकाल लागून तीन महिनेही झाले नव्हते. नवे अध्यक्ष बुलढाण्याचे, म्हणजे मुक्ताईनगरची हद्द ओलांडली की पलीकडचे. अंतराने पाहिलं तर शेजारचाच माणूस. पण पक्षाच्या हिशेबात बुलढाणा विदर्भात जमा होतो आणि जळगाव, धुळे, नंदुरबार 'उत्तर महाराष्ट्रा'त. खान्देशची सगळी रड या एका रकान्यात आहे.

आधी आकडे. खान्देशात विधानसभेच्या २० जागा : जळगाव ११, धुळे ५, नंदुरबार ४. पंजाला २०१४ मध्ये त्यातल्या ५ मिळाल्या, २०१९ मध्ये ४ आणि २०२४ मध्ये एकच. ती नवापूरची, आणि तीही हजार-अकराशेच्या फरकाने. जळगावच्या सगळ्या ११ जागा महायुतीने उचलल्या. याच पक्षाने पाचच महिने आधी लोकसभेच्या इथल्या चारपैकी दोन जागा, धुळे आणि नंदुरबार, जिंकल्या होत्या. त्यामुळे 'खान्देशातून पक्ष कधीच संपला' हे सोपं उत्तर पुरत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला राष्ट्रीय अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, आणि आजही प्रत्येक भाषणाची सुरुवात तिथूनच होते. लगेच १९३७ मध्ये निवडणूक जिंकल्यावर मुंबई प्रांताचा नेता निवडताना मुंबईच्या प्रांतिक समितीच्या अध्यक्षांना डावललं गेलं. त्यामागे वरिष्ठांचा हात होता की नव्हता, यावर चौकशीपर्यंत प्रकरण गेलं. थोडक्यात, 'वरून नाव आलं' ही तक्रार इंदिरा गांधींच्या काळात जन्मली असं म्हणतात, ते खरं नाही. तिचं वय बरंच जास्त आहे.

खान्देशला मान मिळाला तो नंतरच्या काळात. जुलै १९७८ मध्ये राज्यातलं संयुक्त सरकार पाडून पुलोदचं, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं. त्या सरकारसमोर १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेत्या होत्या त्या एदलाबादच्या आमदार, पुढे राष्ट्रपती झालेल्या. १९८८ ते १९९० त्या प्रदेशाध्यक्षही होत्या. एदलाबादचंच पुढे मुक्ताईनगर झालं, आणि २००९ ते २०१४ या काळात विधानसभेतले विरोधी पक्षनेते पुन्हा त्याच मतदारसंघातून आले, फक्त पक्ष कमळाचा, म्हणजे भाजप. कमळाच्या पक्षाचे राज्यातले पहिले अध्यक्षसुद्धा खान्देशाचेच. १९५७ मध्ये धुळ्यातून जनसंघाच्या तिकिटावर ते लोकसभेत गेले होते. म्हणजे पडत्या काळात पक्ष सांभाळायला इथली माणसं चालत होती. पंजाच्या पक्षात ती चालेनाशी झाली ती अलीकडे.

आता मूळ भानगडीकडे, म्हणजे प्रदेशाध्यक्षांच्या जोडीला नेमल्या जाणाऱ्या कार्याध्यक्षांकडे.

२०१९ च्या लोकसभेत पक्षाला राज्यात एकच जागा मिळाली, चंद्रपूरची. त्या वेळचे प्रदेशाध्यक्ष स्वतःही पडले होते. राष्ट्रीय अध्यक्षांनीही राजीनामा दिला होता. अशा निर्नायकीत जुलैमध्ये दिल्लीहून एक पत्र आलं. ही पत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्यांचा साचा पाठ असतो : वर पक्षाचं नाव, मग 'तात्काळ प्रभावाने' नेमणूक, खाली नावांची यादी, मावळत्या अध्यक्षांच्या योगदानाबद्दल एका वाक्यात कौतुक आणि शेवटी सरचिटणीसांची सही. कारण कुठेही नसतं. त्या पत्रात संगमनेरचे ज्येष्ठ आमदार प्रदेशाध्यक्ष झाले आणि त्यांच्या जोडीला एकदम पाच कार्याध्यक्ष. दोन विदर्भाचे, एक मराठवाड्याचा, एक पश्चिम महाराष्ट्राचा, एक मुंबईलगतचा. खान्देशातला एकही नाही.

का नाही, याचं उत्तर पक्षात कुणालाही विचारा, तयार असतं : अध्यक्षच उत्तर महाराष्ट्राचे आहेत ना! महसुली नकाशावर ते बरोबरही आहे. नाशिक विभागात नाशिक, नगर, धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे पाच जिल्हे येतात. पण संगमनेरचं राजकारण सहकारी साखर कारखान्याचं, तर रावेर-यावलचं केळीचं, आणि अक्कलकुवा-धडगावचं वनहक्काच्या दाव्यांचं. प्रवरेच्या पाण्यावर भांडणाऱ्या नेत्याला तापीचा प्रश्न कळत नाही असं नाही, पण त्याची निवडणूक त्यावर ठरत नाही. समतोल साधला गेला तो विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाला सोयीचा. मतदाराला 'उत्तर महाराष्ट्र' नावाचा पट्टा ठाऊक नाही. नवं पत्र आलं की पारावर एकच सवाल असतो : 'यासमा आपला कोन शे?' (यांच्यात आपला कोण आहे?)

फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भातले आमदार विधानसभेचं अध्यक्षपद सोडून प्रदेशाध्यक्ष झाले. तेव्हा कार्याध्यक्षांची संख्या सहावर गेली आणि धुळे ग्रामीणच्या तरुण आमदारांना त्यात जागा मिळाली. आजोबा खासदार, वडील मंत्री, तीन पिढ्या एकाच पक्षात. इथे आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण कार्याध्यक्षाने नेमकं करायचं काय, हे नेमणुकीच्या पत्रात लिहिलेलं नसतं. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारे एबी फॉर्म त्याच्या टेबलावरून सुटत नाहीत. जिल्हाध्यक्ष बदलायचा तर त्याने शिफारस करायची आणि वाट बघायची. सहा माणसांना अर्धी-अर्धी खुर्ची दिली की कुणी नाराज राहत नाही, असा दिल्लीचा हिशेब असावा. माझ्या मते खान्देशात तो उलटाच पडला : आपला माणूस वर आहे म्हणून लोक त्याच्याकडे कामं घेऊन गेले, आणि 'बघतो' यापलीकडे त्याच्या हाती फारसं काही नव्हतं.

२०२४ च्या लोकसभेला धुळ्याची उमेदवारी नाशिकच्या माजी महापौरांना मिळाली, तेव्हा स्थानिक पदाधिकारी उघडपणे चिडले. धुळे लोकसभेत मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे नाशिक जिल्ह्यातले तीन मतदारसंघ मोडतात. जागा अवघ्या चार हजारांच्या आत निघाली, तीही मुख्यतः मालेगाव मध्यच्या मताधिक्यावर. उमेदवारीचा निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. पण धुळे तालुक्यातल्या कार्यकर्त्याला त्यातून जो निरोप पोचायचा तो पोचलाच.

विधिमंडळातलं नेतेपद हा वेगळा मुद्दा, आणि त्यात या विधानसभेत दम राहिलेला नाही. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात, असा संकेत पुढे केला जातो. विरोधातल्या तीन मोठ्या पक्षांकडे अनुक्रमे २०, १६ आणि १० आमदार. १९७८ च्या राज्याच्या कायद्यात दशांशाची अट नाही. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच त्यात आहे. तरी निकालाला वर्ष उलटून गेलं तेव्हाही विधानसभेतली ती खुर्ची रिकामीच होती. पूर्वी हरलेल्या पक्षात दोन पदं असत, एक संघटनेचं आणि एक सभागृहाचं, आणि ती दोन गटांत वाटता येत. आता भांडायला एकच पद उरलं.

त्या एका पदावर फेब्रुवारी २०२५ मध्ये नेमणूक झाली तीही पत्रानेच. धुळे ग्रामीणचे कार्याध्यक्ष तोवर मोठ्या फरकाने पडले होते. जुलै २०२५ मध्ये त्यांनी कमळ हातात घेतलं. धुळ्यात पंजाचं नाव ज्या घरावरून ओळखलं जाई ते घरच गेलं. आता खान्देशात पक्षाकडे नवापूरचे आमदार, नंदुरबारचे खासदार आणि नाशिकहून आलेल्या धुळ्याच्या खासदार आहेत, आणि पुढच्या यादीत 'उत्तर महाराष्ट्रा'चा रकाना यांच्यापैकी कुणाच्या नावाने भरायचा, हे दिल्लीला ठरवावं लागेल.