मक्याच्या कणसावरची मोजणी

कणसाच्या शेंड्याला लोंबणारा एकेक केस एकेका दाण्याचा असतो आणि त्यावर पडलेल्या एका परागकणातून तो दाणा भरतो. म्हणजे एका कणसावर शेकडो भावंडं ओळीनं बसलेली असतात. धान्यपिकांतलं पुनर्संयोजन, म्हणजे आईबापांच्या जनुकांची अदलाबदल, मोजायला शास्त्रज्ञ मक्याकडे वळले ते यामुळेच.

पराग आणि बीजांड तयार होताना आईबापांकडून आलेली जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, काही जागी तुटतात आणि तुकडे बदलून पुन्हा सांधली जातात. दोन जनुकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकी त्यांच्यात ताटातूट होण्याची शक्यता जास्त. शंभर अपत्यांत एखादीची ताटातूट दिसली, तर त्या दोन जनुकांतलं अंतर 1 सेंटिमॉर्गन; हे अशा अंतराचं एकक.

एका जुन्या गाजलेल्या प्रयोगात रंगीत टपोऱ्या आणि पांढऱ्या सुरकुतलेल्या मक्याचा संकर करून तो पुन्हा पांढऱ्या सुरकुतलेल्याशी जुळवला होता. दाणे निघाले 8,368. त्यांत 4,032 रंगीत टपोरे, 4,035 पांढरे सुरकुतलेले, म्हणजे आजी-आजोबांसारखेच. उरलेल्यांत 149 रंगीत सुरकुतलेले आणि 152 पांढरे टपोरे. हे 301 दाणे अदलाबदलीचे; अंतर 3.6 सेंटिमॉर्गन. केवळ डोळ्यांनी आणि बोटांनी केलेली ही मोजणी मला आजही थक्क करते.

पण तुकडे खरोखर बदलतात का? 1931 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ते दाखवलं. त्यांनी मक्याचं असं नववं गुणसूत्र निवडलं, ज्याच्या एका टोकाला ठळक गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या गुणसूत्राचा जोडलेला तुकडा. दाण्यांतले गुण जिथे विखुरले, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली गाठ आणि तुकडाही वेगळे झालेले दिसले.

एकाच जनुकाच्या आतली अदलाबदल फारच विरळ, तिला दाणे पुरत नाहीत. म्हणून मक्याचे जनुकशास्त्रज्ञ ऑलिव्हर नेल्सन यांनी परागकण मोजले. साध्या मक्याचा पराग आयोडीननं निळा-काळा होतो, शाळेत बटाट्याच्या फोडीवर पाहतो तसा. मेणचट मक्याचा मात्र लालसर राहतो. हा मेणचटपणा ज्या एका जनुकाच्या बिघाडातून येतो, त्याच जनुकात वेगवेगळ्या जागी बिघाड असलेल्या दोन मेणचट जातींच्या संकराचा पराग काचपट्टीवर पसरला, की लालसर कणांच्या गर्दीत क्वचित एखादा निळा-काळा ठिपका दिसतो. दोन बिघाडांच्या मधोमध अदलाबदल होऊन जनुक धड झालं, त्याचा तो ठिपका.

गव्हात, सातूत ही अदलाबदल बहुतांशी गुणसूत्रांच्या टोकांकडे होते. मधला मोठा भाग पिढ्यानपिढ्या जवळजवळ एकगठ्ठा जातो. तिथली जनुकं सुटी करणं पैदासकारांना जड जातं. रानटी गवतातून आणलेल्या तुकड्यांचं तर आणखी अवघड, कारण गव्हातलं पीएच1 जनुक परक्या गुणसूत्राशी जोडी जमू देत नाही. थिनोपायरम गवतातून गव्हात आणलेल्या एलआर19 या तांबेरा-प्रतिकारक जनुकासोबत पिठाला पिवळी झाक देणारं जनुकही आलं. ते वेगळं करायला पीएच1 निकामी झालेला गहू वापरावा लागला आणि रोपामागून रोप तपासावं लागलं.