सहा तारा दिसल्या म्हणून रिझॉल्व्हर समजू नका

भंगारातून किंवा कारखान्याच्या लिलावातून आणलेल्या सर्व्हो मोटरची पॉवरची बाजू चटकन कळते: यू, व्ही, डब्ल्यू या तीन फेज, अर्थिंग आणि ब्रेक असला तर त्याच्या दोन तारा. घोडं अडतं ते फीडबॅकच्या, म्हणजे शाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या, छोट्या कनेक्टरपाशी. सहा तारा मोजल्या की बरेच जण रिझॉल्व्हर आहे असं ठरवून टाकतात. पण सिरियल एन्कोडरलाही, म्हणजे हीच स्थिती डिजिटल डेटा म्हणून पाठवणाऱ्या सेन्सरलाही, अनेकदा सहाच तारा असतात: ५ व्होल्ट, ० व्होल्ट, डेटाची जोडी आणि बॅटरीची जोडी.

दोघांच्या आत मात्र काहीच सारखं नाही. रिझॉल्व्हर हा फिरता ट्रान्सफॉर्मर. एका वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) काही किलोहर्ट्झचा एसी द्यायचा, हे एक्सायटेशन; बाकीच्या दोन वाइंडिंगमधून शाफ्टच्या कोनाचे साइन आणि कोसाइन मिळतात. तांबं आणि लोखंड, बस. म्हणून उष्णता आणि धक्के तो बिनतक्रार सोसतो. एन्कोडरमध्ये सर्किट बोर्ड असतो. ५ व्होल्टच्या तारेवर चुकून २४ व्होल्ट गेले की तो गेलाच. त्यामुळे ओळख पटेपर्यंत सप्लाय जोडायचा नाही आणि या कनेक्टरला मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारा मीटर) तर कधीच लावायचा नाही.

साधा मल्टिमीटर पुरतो. ओमच्या रेंजवर प्रत्येक तार बाकीच्या सगळ्यांशी तपासा आणि आकडे कागदावर लिहा. रिझॉल्व्हर असेल तर तीन स्वच्छ जोड्या सापडतात, साधारण काही दहा ते शे-दीडशे ओमच्या. दोन जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात, त्या साइन-कोसाइनच्या. वेगळी पडते ती बहुधा एक्सायटेशनची. एका जोडीतून दुसरीत काहीच जात नाही. प्रोब उलटे केले तरी आकडा तोच.

एन्कोडरवर आकडा स्थिर राहत नाही, कारण आतला कपॅसिटर चार्ज होत असतो. प्रोब उलटवले की वेगळंच काहीतरी दिसतं. डायोड रेंजवर एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसले तर आत सेमीकंडक्टर आहे, रिझॉल्व्हरचा विषय संपला. एक चकवा लक्षात ठेवा: डेटाच्या जोडीवर १२० ओमच्या आसपासचा टर्मिनेशन रेझिस्टर असू शकतो आणि तो थेट वाइंडिंगसारखा भासतो. म्हणूनच एका जोडीवर विश्वास न ठेवता सगळा तक्ता भरायचा.

आठ तारा असल्या तरी घाई नको. इन्क्रिमेंटल एन्कोडरच्या (शाफ्ट फिरेल तसे पल्स देणाऱ्या) ए, बी, झेड या सिग्नल लाइन्स, त्यांच्या उलट्या लाइन्स आणि सप्लाय मिळून आठच होतात. रिझॉल्व्हरच्या सहांत टेंपरेचर सेन्सरच्या दोन मिळवल्या तरी आठ. मोटर गरम केल्यावर एका जोडीचा रेझिस्टन्स इतरांपेक्षा खूपच जास्त बदलला, तर ती सेन्सरची.

रिझॉल्व्हरची खात्री फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोपने होते. एक्सायटेशनला ५ ते १० किलोहर्ट्झची दोन-तीन व्होल्ट साइन द्या आणि शाफ्ट हाताने हळू फिरवा. एक सिग्नल शिखरावर असताना दुसरा शून्याजवळ येतो. स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज इतक्या फ्रिक्वेन्सीला भलतंच दाखवते, तिच्यावर जाऊ नका.

तरीही शंका उरली तर मागचं झाकण काढून पाहा: बोर्ड दिसला की एन्कोडर, नुसत्या गुंडाळ्या दिसल्या की रिझॉल्व्हर. पण सेन्सर शाफ्टवरून ओढू नका. रोटरच्या मॅग्नेटशी त्याचा कोन कारखान्यात जुळवलेला असतो. तो कोन बिघडला की ड्राइव्ह (मोटर चालवणारा कंट्रोलर) चुकीच्या क्षणी करंट देतो आणि मोटर थरथरते किंवा सुसाट पळते.